पौषातली निरगुडी

माझ्या जेठांनी माझी निरगुडी दोनदा तोडली. एकदा विळ्यानं, एकदा कुऱ्हाडीनं. दोन्ही वेळा मी त्यांना एक शब्द बोलले नाही. लाज वाटली म्हणून नाही, आणि भीती तर मुळीच नाही. आमच्याकडे सून जेठाशी बोलतच नाही.

जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. बुऱ्हाणपूरच्या या तापीकाठच्या गावांत त्याच्यासमोर पदर कपाळाखाली ओढायचा, तोंड फिरवायचं, आवाज गिळायचा. नियम त्यालाही आहे. धाकट्या भावाच्या बायकोच्या तोंडाकडे त्यानं बघायचं नाही. ती उघड्या डोक्यानं समोर दिसलीच, तर खाकरून मागं फिरायचं. मी वाढले नेपानगरच्या कॉलनीत. वडील महाराष्ट्रातून कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आलेले, क्वार्टरला क्वार्टर लागून, कोणीही कोणाशीही बोलावं. लग्नानंतर चौथ्या दिवशी जेठांना चहा विचारायला मी तोंड उघडलं, तर शब्द बाहेर पडायच्या आत जेठाणीनं दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर तिथं काळंनिळं होतं. "कॉलनीवाली आहे ना," असं म्हणून सगळे हसले, आणि तेच माझं नाव पडलं.

बोलायचं नाही म्हणजे भांडायचं नाही, असं थोडंच आहे? एकाच अंगणात दोन चुली, आणि मध्ये माझी म्हैस बांधलेली. जेठांना काही सुनवायचं असलं की मी म्हशीला सुनवायची. "काय गं, सगळं पाणी एकटीच पिणार? दुसऱ्याला तहान नसते?" एवढं म्हटलं की मोटरची माझी पाळी कोणी खाल्ली ते अख्ख्या अंगणाला कळायचं. ते उत्तर द्यायचे भिंतीला. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं. मनातल्या मनात शिव्या दिल्या त्याही मी अहो-जाहो करूनच दिल्या. आता लिहितानासुद्धा हात 'ते' असंच लिहितो, त्याला मी काय करू?

नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. त्याच्या मागं माझ्याकडे अडीच एकर वावर राहिलं. शेजारी जेठांची केळी, मध्ये एक बांध. नवऱ्याला डोंगळ्याचा नाद होता. डोंगळा म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा. कार्तिकात चांगले मोठाले कांदे जमिनीत पुरायचे, पौषात त्यांना कमरेएवढे दांडे येतात, दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा फुलतो आणि त्या गोंड्यात काळं बी भरतं. गावात जिकडे बघाल तिकडे केळी आणि कपाशी, डोंगळा काय तो आमचाच. केळीला मधमाशी लागत नाही. म्हणून आमच्या गावाला मधमाशी म्हणजे चावणारं जनावर, एवढंच ठाऊक. डोंगळ्याला मात्र माशी फिरकली नाही की सगळं मुसळ केरात. गोंडा फुलतो, वाळतो, आणि चोळून बघावा तर हातात भुसा.

नवरा होता तेव्हा बांधावर बोरी होत्या, झुडपं होती, माश्यांचा राबता होता. तो गेल्यावर महिनाभरात जेठांनी बांध साफ करून घेतला. केळीवर सावली पडते म्हणे! सावली तेव्हा पडत नव्हती वाटतं, भाऊ जिवंत असताना? मी तेव्हा कोपऱ्यात बसून होते, कोणी विचारलं नाही. आणि त्या साली पौषात डोंगळा पांढराशुभ्र फुलला, पण त्याच्यावर एक माशी दिसेल तर शपथ. फाल्गुनात मी गोंडे चोळले. भुसा.

जेठांनी तो भुसा सासऱ्यांसमोर आणून ओतला. सासरे तेव्हा ऐंशीला टेकलेले, पण घरात शब्द त्यांचाच. जेठ म्हणाले, "बाईच्या हातचं वावर आहे बाबा. मले द्या बटाईनं. केळी लावतो. तिले बसून खायले भेटीन." बटाईनं म्हणजे वावर माझं, हुकूम त्यांचा, आणि पिकातला अर्धा वाटा त्यांनी दारात आणून टाकायचा. बसून खायला मी काय पाहुणी होते? दाराआडून मी म्हशीला असं काही ओरडले की ती बिचारी दावं ताणून उभी राहिली. सासऱ्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "तीन साल. तीन सालात डोंगळ्यात दाणा भरला त वावर तिचं. नाही त तू केळी लाव."

त्याच पौषात मी एका तेरवीला धूलकोटला जाऊन आले होते. जाताना नाल्याच्या पुलाजवळ बस पंक्चर झाली आणि आम्ही सगळे उतरलो. पुलाखाली निरगुडीची जाळी होती. पुरुषभर उंच, आणि अंगभर जांभळे-निळे तुरे. मी लघवीला आडोसा शोधत गेले आणि तिथून पळत परत आले, कारण झुडूप सगळं घोंघावत होतं. पळाले खरी, मग थांबून बघत राहिले. आमच्या गावात तेव्हा कपाशी उपटून झाली होती, कुठं एक फूल नव्हतं, आणि इथं माश्यांची पंगत बसलेली! कपाशी उपटल्यापासून डोंगळा फुलेपर्यंत महिना-दीड महिना आमच्याकडे माशीला खायलाच नसतं. घरात दाणा नाही म्हटल्यावर पाहुणा थांबेल कशाला? डोंगळा फुलायच्या आधीच तो दुसरं घर बघून गेलेला असतो. हे मला त्या दिवशी पुलावर नाही सुचलं. भुसा हातात आल्यावर सुचलं.

आषाढात मी त्या नाल्यावरून निरगुडीच्या काड्या आणल्या. अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब. जेठांनी साफ केलेल्या बांधावर, माझ्या अंगाला, दोन-दोन हातांवर तिरक्या खोचल्या. गाव हसलं. निरगुडी कोणी लावतं का? बाळंतिणीच्या पाण्यात टाकायला पाला लागला तर नाल्यावरून ओरबाडून आणायचा, संपलं. बांधावर ती लावणारी मी पहिलीच. जेठाणी विहिरीवर बायकांना सांगत होती, "आमच्या धाकटीनं बाग लावली आहे. उद्या बाभळीलाही पाणी घालेल." घालते की, तुझ्या बापाचं काय जातंय? श्रावणात पावसानं दडी मारली तेव्हा मी डोक्यावरून हंडे आणून एकेका काडीला तांब्या-तांब्या पाणी घातलं. निरगुडी मरायचं नाव घेत नाही. गुरं तिला तोंड लावत नाहीत, वासानंच मागं फिरतात. दोन-चार सोडून सगळ्या काड्या लागल्या.

पहिल्या साली ती रोपं फुलली, पण आश्विनात. तेव्हा तर कपाशीच पिवळी-पांढरी फुललेली असते, माझ्या निरगुडीकडे कोण बघतो? मार्गशीर्षात तिच्यावर नुसती वाळलेली बोंडं. डोंगळ्याला पुन्हा भुसा, मूठभर बी सोडलं तर. तीनातलं एक साल गेलं.

दुसऱ्या साली भाद्रपदात, निरगुडी माझ्या डोक्याच्या वर गेलेली असताना, जेठांनी विळा घातला. त्यांच्या मोटरीच्या खोपीकडची अर्धी रांग गुडघ्याइतकी करून टाकली. कारण काय, तर हरण्या. हरण्या हा केळीचा रोग, पानावर पिवळे पट्टे येतात आणि मग झाड उपटून पुरण्यावाचून इलाज नसतो. मावा ही बारीक कीड तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. कृषीवाले सांगतात, बांधावर तण ठेवू नका. खरं सांगायचं तर त्यांची भीती खोटी नव्हती, एका हरण्यानं आमच्याकडे अख्खी वावरं गेलेली आहेत. पण निरगुडी काय तण आहे? तोडायचंच होतं, निमित्त मिळालं. मी तीन दिवस म्हशीशी भांडले. "दुसऱ्याचं उभं बघवत नाही तुला! मेल्यावर वावर छातीवर बांधून नेणार आहेस का?" म्हैस दूध चोरायला लागली. भिंतीकडून एकच उत्तर आलं, "बांध दोघांचा आहे म्हणा."

आणि मग जे झालं त्यानं माझा जास्तच तिळपापड झाला. न तोडलेली अर्धी रांग आश्विनात फुलून दिवाळीपर्यंत रिकामी झाली. तोडलेली अर्धी रांग बुडातून फुटली, नवे धुमारे वाढले, आणि त्या नव्या धुमाऱ्यांवर मार्गशीर्षाच्या शेवटी तुरे आले. पौषात ती जाळी घोंघावत होती. निरगुडी नव्या फांदीवर फुलते. उशिरा छाटली तर उशिरा फुलते. धूलकोटच्या पुलाखालची पौषात कशी काय फुलली होती, तेही तेव्हा डोक्यात आलं. पावसाळा सरताना रस्त्याचे मजूर ती दरसाल छाटत असणार. ही अक्कल मला द्यायला देवाला दुसरा माणूस मिळाला नाही. ज्यांचं वाटोळं व्हावं म्हणून मी नवस बोलायच्या बेतात होते, त्यांच्याच विळ्यानं माझं काम केलं! त्या बाजूच्या डोंगळ्यात बी भरलं, अर्ध्या वावरात. मी कोणाला बोलले नाही. सासऱ्यांनी गोंडा चोळून बघितला आणि म्हणाले, "अर्ध्याचा हिशोब नाही करत मी. अजून एक साल आहे."

उन्हाळ्यात जेठांच्या केळीत घड तोडणाऱ्या मजुराच्या डोळ्याला माशी चावली. लगेच कुऱ्हाड आली. सात झुडपं जमिनीपासून गेली. त्या वेळी मी म्हशीलाही काही बोलले नाही, नुसती आत बसून दात खात होते. रोहिणी बरसल्या आणि सातही बुडं फुटली. माझ्या घराण्यातली असती तर एवढी चिवट निघाली नसती.

शेवटच्या साली, गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी स्वतः विळा घेऊन बांधावर गेले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी निरगुडी गुडघ्यावर आणली. हिरवीगार, तुऱ्यावर आलेली. हात चिकट झाले, पाल्याच्या वासानं डोकं चढलं. जेठ केळीतून बघत होते. संध्याकाळी भिंतीला म्हणाले, "ज्याच्यासाठी तीन दिवस बोंबलल्या, ते आता आपल्या हातानं कापलं. डोकं फिरलं." फिरू दे. मी भाकरी थापत होते आणि मला इतकं हसू येत होतं की पीठ सांडलं.

पौषात माझा बांध बघायला पाहिजे होता तुम्ही. या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळा. काळे भुंगे यायचे, बारक्या फुलोरी माश्या यायच्या, एका झुडपात तर तळहाताएवढं मोहोळ लागलं. शिवारात दुसरीकडे कुठं काही फुललेलं नव्हतं, त्यामुळे जी काही माशी होती ती माझ्या बांधाला. मग डोंगळ्याचे गोंडे उमलायला लागले, आणि माश्या चार हातांवरच्या निरगुडीवरून सरळ माझ्या गोंड्यांवर. मला रडायला आलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून पंपाचा आवाज आला. जेठांनी दिवाळीत टिशू कल्चरची नवी केळी लावली होती, गुडघ्याएवढी कोवळी रोपं. आभाळ आलं होतं, मावा पडला होता, आणि हरण्याच्या धाकानं ते फवारायला निघाले होते. आमच्याकडे फवारणीचा नेम ठरलेला: सकाळी दव उतरलं की पंप पाठीवर, दुपारी वारा सुटला की बंद. दुसरी वेळ कोणाच्या डोक्यातच येत नाही. आणि जेठ औषध मजुराच्या हातात कधी देत नाहीत, स्वतःच मारतात. त्या सकाळी बांधाकडच्या दोनच ओळी झाल्या होत्या. दुपारी मी वावरात गेले, तर गोंड्यांखाली माश्या पडलेल्या. काही अजून पाय हलवत होत्या. मी त्या पदरात गोळा केल्या, कशासाठी ते मलाही माहीत नाही.

काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. माशी दिवस कलला की घरी जाते. फवारा संध्याकाळी मारला तर रोपांनाही लागतो आणि माशीही वाचते. एक वाक्य होतं. जेठाणीला सांगितलं असतं तरी पोचलं असतं, म्हशीला सांगितलं असतं तरी पोचलं असतं. मी नाही सांगितलं. म्हटलं, मी कशाला अक्कल शिकवू? आणि ते थोडेच ऐकणार आहेत? ते ऐकणार नाहीत, हे त्यांच्या वतीनं मीच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दव उतरायच्या आत मी बांधावर जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावरून काढला, खांद्यावर टाकला, आणि तोंड केलं केळीकडे. जेठ पंप घेऊन आले. मान वर केली, मला बघितलं, आणि अंगावर पाणी पडल्यासारखे थबकले. खाकरले. मागं फिरले. मी दुपारी वारा सुटेपर्यंत तिथंच होते. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ते दुसऱ्या बाजूनं आले, मी त्या बाजूला तोंड केलं. चोवीस वर्षं ज्या पदरानं माझं तोंड बांधलं होतं, तो नुसता खाली घेतला की एवढा मोठा माणूस पंपासकट पळतो! मला त्याची चटक लागली. सकाळी चहा घेताना मला आनंद व्हायचा, आता ते येतील आणि परत जातील म्हणून.

जेठाणी तणतणत आली. "लाज सोडली का?"

"बांधाला बांधून ठेवली आहे," मी म्हणाले. "पाहिजे असेल तर सोडून घेऊन जा."

अकरा दिवस मी उभी होते. गावातल्या बायका मुद्दाम त्या वाटेनं जायला लागल्या. सासऱ्यांच्या कानावर गेलं असणारच, पण ते काही बोलले नाहीत. बाकीच्या वावरात जेठांनी फवारलं, बांधाकडच्या पट्ट्यात मात्र त्यांना येता आलं नाही. माझे गोंडे फुलून माना टाकायला लागले तेव्हाच मी पदर डोक्यावर घेतला.

फाल्गुनात सासऱ्यांना मी गाडीत बसवून वावरात आणलं. त्यांनी एक गोंडा तोडला, तळहातावर चोळला, फुंकर मारली. भुसा उडून गेला आणि काळं बी राहिलं, तळहातभर. दुसरा गोंडा चोळला, मग वावराच्या दुसऱ्या टोकाचा. "भरलं," ते म्हणाले. "वावर तुझं. आता कोणी काही बोलायचं नाही." मला वाटलं होतं की तेव्हा मी नाचेन. मी फक्त त्यांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

कारण मघापासून पलीकडून कुदळीचा आवाज येत होता.

सासऱ्यांना घरी सोडून मी परत बांधावर आले. बांधाकडच्या पट्ट्यात हरण्या शिरला होता आणि तिथून तो आत पसरला होता. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे, मधला कोवळा पोंगा सडलेला. जेठ एकटेच एकेक रोप बुडातून खणून काढत होते आणि खड्ड्याकडे ओढत नेत होते. निम्मं वावर उघडं झालेलं. साठीच्या माणसानं किती खणावं? मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण पहिल्यांदा मला बरंच वाटलं. म्हटलं, आता कळेल. मग ते एका रोपाला दोन्ही हातांनी ओढत होते आणि ते निघेना, तेव्हा ते गुडघे टेकून हातांनी माती उकरायला लागले, आणि माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

त्यांना माझी चाहूल लागली. ते सरळ झाले, रिवाजाप्रमाणे माझ्याकडे पाठ केली, कुदळीवर टेकले. मी पदर ओढून घेतला.  मग ते तसेच पाठमोरे राहून निरगुडीला म्हणाले, "काल बुऱ्हाणपूरले लोधीपुऱ्यात औषधवाला सांगत होता, माशी सांजच्याले नसते. यांले विचारा, सांजच्याले मारलं असतं त चाललं असतं का?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ते खरंच विचारत होते. विचारायला तिथं तिसरं कोणी नव्हतं.

"चाललं असतं," मी म्हणाले.

निरगुडीला नाही. सरळ त्यांना. चोवीस वर्षांत त्यांच्याशी बोललेला माझा हा पहिला शब्द. ते अजून काही ऐकायला थांबले.  मग त्यांनी कुदळ उचलली आणि पुढच्या रोपाच्या बुडाशी घातली.